‘बोर्डिंगला’ आणि ‘बोर्डिंगात’

१९८३ साली आठवीसाठी मी रोह्याला आलो. आमचे गाव कुंडलिकेच्या वरच्या अंगाला. एसटी दिवसातून दोनदा, पावसाळ्यात तीही बेभरवशाची. म्हणून वडिलांनी मला एका वसतिगृहात ठेवले. पत्र्याची ट्रंक, एका नळावर सगळ्यांची रांग आणि आठवड्यातून चार दिवस वालाची पातळ आमटी. वर्गात माझी ओळख ‘बोर्डिंगातला पोरगा’ अशीच झाली. त्याच सुमारास धाटावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका साहेबांचा मुलगा पाचगणीला शिकत होता. सुट्टीत तो आला की त्याची आई कौतुकाने सांगे, ‘हा बोर्डिंगला असतो.’ तो बोर्डिंगला आणि मी बोर्डिंगात. शब्द एकच, पण एका प्रत्ययाने माणसाची किंमत बदलत होती. पुढे नोकरीनिमित्त पेणला स्थायिक झालो, वाचनालयांतून मिळेल ते वाचत गेलो. या एका शब्दाला दोन प्रतिष्ठा कशा चिकटल्या, हा प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही.

शोध सुरू करावा लागतो राजकोटपासून. १८५७नंतर इंग्रजांना संस्थाने खालसा करण्यापेक्षा संस्थानिक आपल्या वळणाचे करणे अधिक सोयीचे वाटू लागले. त्यातून १८७०मध्ये राजकोटचे राजकुमार कॉलेज सुरू झाले आणि १८७५मध्ये अजमेरचे मेयो कॉलेज. मेयोचा पहिला विद्यार्थी अलवारचा राजा मंगलसिंग. तो हत्ती-घोडे आणि नोकरचाकरांच्या लवाजम्यासह शिकायला आला, असे सांगतात. निरनिराळ्या संस्थानांनी तिथे आपापल्या राजपुत्रांसाठी निवासाच्या इमारती बांधल्या. पदवी मिळवणे हा या शाळांचा मुख्य हेतूच नव्हता. घोड्यावरची मांड, क्रिकेट, इंग्रजी संभाषण आणि वागण्यातली शिस्त यांवर भर होता. रणजितसिंह राजकोटच्याच मैदानावर घडले. या साऱ्यामागे एक गृहीत होते : राजपुत्राला बिघडवते ते त्याचे घर. जनानखाना, खुशमस्करे, हुजरे यांच्यापासून तो दूर गेला, की सुधारेल. म्हणजे इथे बोर्डिंग जन्मले ते घर जास्त झाले म्हणून.

१८८५च्या सुमारास या राजकोटला कोल्हापूरचे छत्रपती शाहू शिकत होते. तिथून ते धारवाडला स्टुअर्ट फ्रेझर यांच्या हाताखाली गेले आणि १८९४मध्ये गादीवर बसले. राज्यकारभार पाहू लागल्यावर त्यांना जे दिसले, ते राजकोटच्या नेमके उलटे होते. कोल्हापुरात राजाराम कॉलेज होते, पण खेड्यातल्या मराठा, जैन किंवा मुसलमान मुलाने तिथे शिकायला यायचे तर जेवायचे कुठे? गरीब ब्राह्मण विद्यार्थ्याला निदान एक जुनी सोय होती. तो वार लावून जेवे, माधुकरी मागे. सात घरांत सात वार आणि एखाद्या ओसरीवर अंथरूण. ते जिणे कष्टाचे आणि अपमानाचे असेल, पण शहरात त्याला घर होते. इतरांना तेवढेही नव्हते.

१९०१मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले ते या भुकेच्या प्रश्नातून. पुढच्या वीसेक वर्षांत जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकामागून एक वसतिगृहे कोल्हापुरात उभी राहिली. अस्पृश्य मुलांसाठी १९०८मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. मला यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी : राजकोटला शिकलेल्या राजाने राजकोटची नक्कल केली नाही. तिथले बोर्डिंग घरातून काढण्यासाठी होते, इथले घर देण्यासाठी. शब्द तोच राहिला, कारण मात्र पालटले.

कोल्हापूरच्या या व्यवस्थेत एक सांधा कच्चा होता. प्रत्येक जातीने आपल्या मुलांचा भार उचलावा, या व्यवहारी विचाराने वसतिगृहे जातवार झाली. भाऊराव पाटील जैन बोर्डिंगात राहत. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला ते गेले, परतल्यावर ‘शुद्धीसाठी’ आंघोळ करायला त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. घर देणाऱ्या जागेलाही उंबरठा असतो, हे त्यांना तिथे कळले असावे. १९१९मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४मध्ये साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढले. १९२७मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही मोडले. मुले स्वतः स्वयंपाक करीत, शेतात राबत, एका पंगतीत जेवत.

या दोन परंपरांची संस्कृती ताडून पाहायची, तर मी एकच प्रश्न विचारतो : ताट कोण घासते? जुन्या मेयोत नोकर घासत. साताऱ्यात ज्याचे त्याने घासावे लागे, कारण नोकर ठेवायला पैसेच नव्हते. आज महागड्या निवासी शाळांत मुलांना आठवड्यातून एखादा तास बागकाम देतात आणि माहितीपत्रकात त्याचा फोटो छापतात. कुदळ दोन्हीकडे तीच. एकीकडे ती शिक्षणाची किंमत होती, दुसरीकडे तो अभ्यासक्रमातला एक धडा आहे.

मग मराठी मध्यमवर्गाचे काय? त्याची प्रतिष्ठा बराच काळ बोर्डिंगशी जोडलेलीच नव्हती. ती मॅट्रिकच्या निकालाशी जोडलेली होती. आमच्या जिल्ह्याचे उदाहरण घ्या. चिंतामणराव देशमुख १८९६मध्ये महाडजवळच्या नाते गावी जन्मले; घराणे रोह्याचे. ते मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून १९१२मध्ये मॅट्रिकला पहिले आले, जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली आणि १९१८मध्ये आयसीएसलाही पहिले आले. एल्फिन्स्टनची मुले संध्याकाळी घरी जात. आमच्याकडे ‘चांगली शाळा’ म्हणजे पहिले नंबर काढणारी शाळा. घोड्यावरची मांड कोणी विचारत नसे.

हे गणित बदलू लागले १९३५नंतर. त्या वर्षी डेहराडूनला डून स्कूल सुरू झाले आणि इटनहून आलेले आर्थर फूट पहिले मुख्याध्यापक झाले. संस्थानिकांच्या शाळेतले मैदान आणि मध्यमवर्गाच्या शाळेतली परीक्षा तिथे एकत्र आली. त्यात भर पडली माजी विद्यार्थ्यांच्या ओळखीची. शाळेचे नाव हेच पुढे आयुष्यभराचे शिफारसपत्र ठरू लागले. साहेबांच्या मुलाच्या ‘बोर्डिंगला’मध्ये हीच हवा होती.

डूनचे माजी विद्यार्थी राजीव गांधी पंतप्रधान असताना नवोदय विद्यालये निघाली. पहिल्या दोहोंपैकी एक आपल्या अमरावतीला होते. सहावीला प्रवेश परीक्षा, पाऊणशे टक्के जागा ग्रामीण मुलांना आणि राहणे-जेवणे सरकारचे. आमच्या जिल्ह्याचे नवोदय माणगाव तालुक्यात निजामपूरला आहे. खेड्यातल्या मुलाबद्दल ‘तो नवोदयला आहे’ असे अभिमानाने म्हणता येऊ लागले, हा त्या योजनेचा मोठाच विजय. पण त्या दाराशी परीक्षा उभी आहे आणि परीक्षेपर्यंत पोचायला आधी पाच वर्षे सलग शाळा लागते.

इथेच पेण येते. जिल्ह्याचे आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय पेणला आहे. आश्रमशाळांचा कारभार इथून चालतो, आणि आदिवासी मुलांना इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळांत सरकारी खर्चाने पाठवण्याच्या योजनेचे अर्जही इथेच येतात. त्या शाळांना सरकारी भाषेत ‘नामांकित शाळा’ म्हणतात. राजकोट आणि सातारा या दोन्ही वाटा इथे एकत्र आल्यासारख्या वाटतात : पाहुणचार श्रीमंतांच्या शाळेचा, मूल कातकऱ्याचे.

मागे एका कातकरी बाईला तो अर्ज भरायला मी मदत केली. मुलाचे नाव, वय, जातीचा दाखला सगळे झाले. ‘कायमचा पत्ता’ या रकान्यात मी वाडीचे नाव लिहू लागलो, तर ती म्हणाली, ‘तिथं दिवाळीनंतर कोन नसतं, दादा. आमी भट्टीवर असतो.’ मग थोडे थांबून तिने विचारले, ‘शाळेला सुट्टी लागली, तर पोर जाईल कुठं?’

दिवाळी झाली की कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. राजपुत्राला घर जास्त होते, कोल्हापूरच्या मुलाला शहरात घर नव्हते. या मुलाचे घरच वर्षातले सहा-सात महिने जागेवर नसते. आश्रमशाळेतले मूल दिवाळीला गेले, की त्याचे घरच त्याला भट्टीवर घेऊन जाते. पुष्कळदा ते मूल शाळेत परत येत नाही.

निवासी शाळांची तुलना होते तेव्हा निकाल, मैदाने, इमारती आणि माजी विद्यार्थ्यांची नावे मोजली जातात. मी रोह्याच्या बोर्डिंगातून सुट्टीत घरी जायचो, तेव्हा आई तांदळाची भाकरी भाजून वाट पाहत बसलेली असे. पाचगणीच्या मुलाला गाडी न्यायला येई. सुट्टीत मूल कुठे जाते, हा प्रश्न आम्हा दोघांच्या वेळी कोणाला पडलाच नाही, कारण उत्तर ठाऊक होते. आता तो विचारायला हवा, आणि सुट्टीत थांबणाऱ्या मुलांसाठी स्वयंपाकघर उघडे ठेवणाऱ्या शाळेला मी तरी आधी नामांकित म्हणेन.

त्या रकान्यात शेवटी मी वाडीचेच नाव लिहिले. खाली कंसात, तिच्या सांगण्यावरून, भट्टीच्या गावाचेही लिहिले. कारकुनाने अर्ज उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, ‘एकच पत्ता लिहा.’