वाशिमची वेळ: मध्यरेषेपासून संगणकाच्या घड्याळापर्यंत

वाशिमचे जुने नाव वत्सगुल्म. चौथ्या शतकात सर्वसेनाने स्थापन केलेल्या वाकाटक शाखेची ही राजधानी होती. कालगणनेच्या इतिहासात मात्र या गावाची ओळख वेगळ्या कारणाने आहे. सातव्या शतकातील पहिल्या भास्कराचार्यांनी ‘महाभास्करीय’ या ग्रंथात लंकेपासून मेरूपर्यंत जाणाऱ्या मध्यरेषेवरची ठिकाणे सांगितली आहेत. त्यांत अवंती म्हणजे उज्जैन आणि स्थानेश्वर यांच्या जोडीला वत्सगुल्माचेही नाव येते. शहरातले मध्यमेश्वराचे मंदिर याच रेषेवर आहे, अशी परंपरागत समजूत आहे.

सिद्धांतग्रंथांतले गणित या रेषेवरच्या वेळेला धरून असे. अहोरात्राच्या ६० घटिका आणि घटिकेची ६० पळे. म्हणजे एक घटिका २४ मिनिटांची. रेषेपासून पूर्वेला एक अंश सरकले की सूर्य १० पळे, म्हणजे ४ मिनिटे, आधी उगवतो आणि पश्चिमेला तितकाच उशिरा. ही दुरुस्ती म्हणजे देशांतर संस्कार. तो काढण्यासाठी ग्रहणाचा आधार घेत. रेषेवर ग्रहण केव्हा दिसेल ते गणिताने काढायचे, आपल्या गावी ते केव्हा दिसले ते मोजायचे. दोहोंतले अंतर म्हणजे त्या गावाचे देशांतर. वत्सगुल्म रेषेवरच मानले गेल्याने तेथे हा संस्कार करावा लागत नसे. आजच्या मोजणीनुसार उज्जैन ७५ अंश ४६ कलांवर, स्थानेश्वर सुमारे ७६ अंश ५० कलांवर आणि वाशिम सुमारे ७७ अंश ८ कलांवर आहे. म्हणजे वाशिम आणि उज्जैन यांच्या वेळेत साडेपाच मिनिटांचा, जुन्या हिशेबाने सुमारे १४ पळांचा, फरक पडतो. स्थानेश्वराशी मात्र वाशिमचा मेळ बराच जवळचा आहे.

प्रत्यक्ष वेळ मोजायला घटिकापात्र असे. बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्याच्या घंगाळात सोडली की ती एका घटिकेत भरून बुडते. लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी हे पात्र महाराष्ट्रात दीर्घकाळ वापरात होते. भोकात कचरा अडकला तर घटिका लांबे. म्हणून मोजणी सूर्योदयाशी किंवा सूर्यास्ताशी जुळवून सुरू करत. वेळ दोन ठिकाणी चुकू शकते, हे यातून स्पष्ट होते: एक तर मोजणारे साधन बिघडते, नाही तर ज्या रेषेला धरून मोजायचे तीच वेगळी असते. दोन्ही चुकांवरचे उपाय वेगळे आहेत.

१८५३ मध्ये वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि पुढे रेल्वे व तारेबरोबर रेषाही बदलली. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वेने मद्रासची वेळ धरली. ती वाशिमच्या स्थानिक वेळेपेक्षा सुमारे साडेबारा मिनिटे पुढे होती, तर मुंबईची वेळ सुमारे साडेसतरा मिनिटे मागे होती. १ जानेवारी १९०६ पासून साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर बेतलेली भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. मुंबई शहराने आपली वेळ त्यानंतरही अनेक वर्षे सोडली नाही. प्रमाणवेळेमुळे वाशिमला सूर्य सरासरी १२ वाजून २१ मिनिटांनी माथ्यावर येतो. फेब्रुवारीच्या मध्यास हीच वेळ १२.३५ च्या पुढे जाते, तर नोव्हेंबरच्या आरंभी १२.०५ च्या आसपास असते.

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशिम जिल्हा वेगळा झाला, तोवर सरकारी कामकाजात संगणक येऊ लागले होते. संगणकाच्या मदरबोर्डवरचे घड्याळ सेकंदाला ३२,७६८ कंपने करणाऱ्या क्वार्ट्‌झ स्फटिकावर चालते आणि यंत्र बंद असताना नाण्याएवढ्या बॅटरीवर, बहुधा सीआर २०३२ या तीन व्होल्टच्या सेलवर, तग धरते. दर वेळी सुरू केल्यावर तारीख अनेक वर्षे मागे गेलेली दिसली, तर बहुधा सेल संपलेला असतो. तो बदलावा लागतो. घड्याळ नेमके साडेपाच तास चुकत असेल, तर साधन ठीक आणि रेषा चुकीची, असे समजावे. अशा वेळी टाइम झोन ‘यूटीसी अधिक ५.३०’ असा निवडावा लागतो. एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स असले, तरी हाच फरक पडू शकतो; विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवते, लिनक्स बहुधा यूटीसी.

झोन नीट लावल्यावर इंटरनेटवरून वेळ जुळवण्याची सोय सुरू ठेवावी. नेटवर्क टाइम प्रोटोकॉल सर्व्हरला निरोप पाठवतो, तो जाऊन येण्यास लागलेला वेळ मोजतो आणि त्यानुसार घड्याळ सुधारतो. भारतीय प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा अणुघड्याळांवर राखते. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने संगणक यंत्रणांची घड्याळे या प्रयोगशाळेच्या, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी मिळवण्याचा निर्देश दिला. त्याचे कारण व्यवहाराचे आहे: तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे अवैध ठरतात, आणि नोंदींच्या वेळा जुळल्या नाहीत तर एखादा गैरप्रकार कोणत्या क्रमाने घडला हे शोधता येत नाही.