ब्रेसेसची तार जास्त घट्ट केली की दात लवकर सरळ होतात का?

ब्रेसेस लावलेल्या अनेकांना वाटतं की तार जितकी घट्ट आणि दात जितके ठणकतील, तितकं काम लवकर होईल. खरं तर दात सरकतो तो हलक्या पण सतत मिळणाऱ्या जोरामुळे. हा जोर किती, हे दोन गोष्टी ठरवतात : तार कोणती आणि ती ब्रॅकेटला कशी बांधली आहे.

दात सरकतो कसा?

दाताचं मूळ आणि जबड्याचं हाड यांच्यामध्ये तंतूंचा पातळ थर असतो. दाब पडतो त्या बाजूचं हाड विरघळतं आणि ताण पडतो त्या बाजूला नवं हाड तयार होतं. दात नुसता कलवायला साधारण ३५ ते ६० ग्रॅम, तर मुळासकट सरकवायला ७० ते १२० ग्रॅम जोर पुरेसा मानला जातो. जोर फार वाढला तर दाबाच्या जागी रक्तपुरवठा तुटतो आणि दात काही काळ अडून बसतो. मूळ झिजण्याचा धोकाही वाढतो.

तारेमुळे काय बदलतं?

गोल तारेची जाडी दुप्पट केली तर तिचा ताठपणा १६ पट होतो. एकाच धातूची ०.०१८ इंचाची तार ०.०१४ इंचाच्या तारेपेक्षा जवळपास पावणेतीन पट ताठ असते.

धातूही महत्त्वाचा. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत विकसित झालेला निकेल-टायटॅनियम हा मिश्रधातू १९७० च्या दशकात आयोवा विद्यापीठाच्या जॉर्ज अँड्रीसन यांनी दंतोपचारात आणला. ही तार खूप वाकली तरी मूळ आकारात परतते आणि जोर हलका ठेवते. म्हणून वेड्यावाकड्या दातांवर आधी बहुतेकदा हीच लावतात. ताठ स्टीलची तार नंतर येते.

बांधणीचा काय संबंध?

रंगीत रबरी रिंग तारेला ब्रॅकेटच्या खाचेत दाबून धरते. त्यामुळे घर्षण होतं आणि जोराचा काही भाग तिथेच खर्च होतो. शिवाय तोंडात रबर लवकर सैल पडतं. स्टीलच्या बारीक तारेने बांधलं, तर डॉक्टर पीळ किती देतात यावर घर्षण ठरतं.

सेल्फ-लिगेटिंग ब्रॅकेटला रिंगऐवजी छोटं झाकण असतं. प्रयोगशाळेत बारीक गोल तारेसोबत त्याचं घर्षण बरंच कमी दिसतं. पण दात कलला की तार खाचेच्या कडेला अडकते आणि ही अडवणूक कुठल्याही बांधणीत होते. रुग्णांवरच्या अभ्यासांतही या ब्रॅकेटमुळे उपचाराचा एकूण काळ ठोसपणे कमी झाल्याचं आढळलेलं नाही.

मग तुम्ही काय करायचं?

‘अजून घट्ट करा’ असा आग्रह धरू नका. केवळ लवकर होईल म्हणून महागडा ब्रॅकेट निवडू नका. तार बदलल्यावर काही दिवस दुखणं सामान्य आहे. त्यापुढेही ठणका राहिला किंवा रिंग निघाली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा.