घरच्या होडीला मशीन बसवताना : किती ताकदीचं, कुठे आणि कसं?

सिंधुदुर्गात कर्ली, गड, आचरा, तेरेखोल या खाड्यांच्या काठी आजही घरी बांधलेल्या लहान होड्या दिसतात. पूर्वी आंब्याचं खोड कोरून होडी व्हायची, आता मरीन प्लायवर फायबर चढवून १२ ते १६ फुटांची होडी अंगणातच तयार होते. जाळं टाकणं, कालवं-शिवल्या काढायला जाणं, पलीकडच्या काठाला पोचणं अशी कामं वल्ह्यावर होतात. पण ओहोटीच्या ओढीत उलटं वल्हवायचं म्हणजे दंड भरून येतात. मग छोटं आउटबोर्ड मशीन घेण्याचा विचार सुरू होतो. मात्र वल्ह्यासाठी बांधलेली होडी मशीनसाठी बांधलेली नसते. बसवण्यात चूक झाली तर होडी कलंडते.

किती एचपी?

अशा होडीला २ ते २.५ एचपी पुरे. लांबट, अरुंद होडीच्या वेगाला तिच्या लांबीचीच मर्यादा असते. पाण्यात १४ फूट बसणारी होडी ताशी साधारण ९ किलोमीटरपर्यंत सहज जाते. त्यापुढे मोठं मशीन लावलं तरी वेग फारसा वाढत नाही. मागची बाजू बसते, नाळ वर उचलते आणि पेट्रोल मात्र जळत राहतं. लहान मशीनचं वजन १० ते १७ किलोच्या आसपास असतं, म्हणजे एका माणसाला ते उचलून घरी नेता येतं.

दांडा आखूड की लांब?

आखूड दांड्याचं मशीन १५ इंची आणि लांब दांड्याचं २० इंची असतं. मशीन अडकवायच्या फळीच्या वरच्या कडेपासून होडीच्या तळापर्यंतचं अंतर आधी मोजावं. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते, ती तळाच्या साधारण इंचभर खाली यायला हवी. पट्टी वर राहिली तर पंखा हवा ओढतो, मशीन नुसतं ओरडतं आणि होडी जागची हलत नाही. फार खाली गेली तर खाडीतल्या वाळूच्या पट्ट्यावर पंखा घासतो.

बसवायचं कुठे?

मागचं टोक सपाट असेल तर काम सोपं. तिथे दीड इंच जाडीची फळी आतून-बाहेरून नटबोल्टने आवळावी. दोन्ही टोकं निमुळती असतील तर टोक कापण्यापेक्षा आडवा दांडा बरा. मागच्या टोकापासून दोन-अडीच फूट पुढे, दोन्ही काठांवर टेकेल असा चांगल्या लाकडाचा दांडा आवळायचा आणि एका बाजूला बाहेर आलेल्या भागावर उभी फळी बसवायची. खिळ्यांवर भरवसा ठेवू नये, थरथरीने ते सैल होतात. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. साधं लोखंड खाऱ्या पाण्यात टिकत नाही.

मशीन एका बाजूला आल्यावर होडी त्या बाजूला झुकते आणि चालताना विरुद्ध बाजूला वळू पाहते. त्यामुळे सामान दुसऱ्या बाजूला ठेवावं. एकटा माणूस मागे बसणार असेल तर पुढे पाण्याचा कॅन किंवा वाळूची पिशवी ठेवावी, नाहीतर वर उचललेली नाळ वारा फिरवतो. भरल्या होडीची कड पाण्यापासून किमान वीतभर वर राहिली पाहिजे.

पहिली फेरी

पहिली चाचणी कमरेएवढ्या, शांत पाण्यात आणि भरती असताना घ्यावी. मशीनला वेगळी दोरी बांधून ती होडीला अडकवावी, क्लॅम्प सुटला तरी मशीन तळाला जाणार नाही. बंद करण्याची लाल दोरी मनगटाला हवीच. माणूस पाण्यात पडला की मशीन आपोआप थांबतं, नाहीतर चालू होडी गोल फिरून त्याच्याच अंगावर येऊ शकते. एकदम रेस करून मूठ वळवली की अरुंद होडी उलटते. वल्ही होडीतच ठेवावीत. लाईफ जॅकेट अंगात असावं, फळीखाली नव्हे. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जणांचा जीव गेला होता. वारा उठला की काठ जवळ करावा.

देखभाल

टू-स्ट्रोक मशीनमध्ये तेलाचं प्रमाण कंपनीच्या पुस्तकाप्रमाणेच ठेवावं. ५० : १ असेल तर एक लिटर पेट्रोलला २० मिली तेल. पाण्याने थंड होणाऱ्या मशीनमधून बारीक धार बाहेर पडते. ती थांबली की लगेच मशीन बंद करावं. खाडीतून आल्यावर गोड्या पाण्यात काही मिनिटं चालवून मीठ धुवावं. इथेनॉलमिश्रित पेट्रोल पाणी ओढून घेतं, म्हणून पावसाळ्याआधी टाकी आणि कार्बोरेटर रिकामा करावा.

कागदपत्रं

मशीन लागलं की होडी कायद्याच्या नजरेत बदलते. मासेमारीसाठी मत्स्यव्यवसाय विभागाकडे नोंदणी आणि परवाना लागतो. माणसं नेणार असेल तर बंदर विभागाची परवानगी लागते. पावसाळी मासेमारी बंदीत फक्त बिगर-यांत्रिक पारंपरिक होड्यांना सूट असते, मशीनच्या होडीला ती मिळत नाही. वल्ह्यावर जो जून-जुलैत चार मासे धरून घर चालवतो, त्याने हा हिशोब मशीन घेण्याआधीच करावा आणि मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारून मगच पैसे मोजावेत.