गोळी तीच, औषध दुप्पट

१९७२ साली ब्रिटनमधील डॉक्टरांपुढे एक चमत्कारिक कोडे उभे राहिले. हृदयविकारावरील डिगॉक्सिनची गोळी तीच, कंपनी तीच, औषधाचे वजनही तेच, पाव मिलिग्रॅम. तरीही त्या वर्षीच्या मे महिन्यानंतर तयार झालेल्या गोळ्यांतून पूर्वीच्या जवळजवळ दुप्पट औषध रक्तात उतरत होते.

हे औषध मुळात नाजूक हाताचे. विल्यम विदरिंग या इंग्रज वैद्याने १७८५ मध्ये फॉक्सग्लोव्हच्या पानांचे गुण ग्रंथरूपाने मांडले, तेव्हाच मात्रेविषयी सावध केले होते. १९३० मध्ये सिडनी स्मिथने त्याच कुळातील दुसऱ्या वनस्पतीपासून डिगॉक्सिन वेगळे काढले. त्याच्या गुणकारी आणि विषारी मात्रांमध्ये अंतर फारच थोडे. मात्रा वाढली की मळमळ, पिवळसर दिसणे आणि ठोक्यांचा जीवघेणा गोंधळ.

कोड्याचे मूळ औषधाच्या भुकटीत होते. १९६९ च्या अखेरीस उत्पादनप्रक्रियेत बदल झाला, कणांचे स्वरूप पालटले आणि गोळी दुबळी झाली. कारखान्याच्या तपासणीत काहीच आढळले नाही, कारण गोळीत औषध किती आहे एवढेच मोजले जाई आणि ते अचूक होते! १९७२ मध्ये जुनी प्रक्रिया परत आली. पण ज्यांची मात्रा दुबळ्या गोळ्यांच्या हिशेबाने बसवली होती, त्यांच्यासाठी ही दुरुस्तीच धोक्याची ठरली.

कणांचा एवढा प्रभाव का? खडीसाखर आणि पिठीसाखर पाण्यात टाकून पाहणाऱ्या कोणत्याही गृहिणीला याचे उत्तर ठाऊक आहे. एक मिलिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस मिलिमीटर. त्याचे हजार सारखे घन केले तर वजन तेच, पृष्ठफळ मात्र ६०. पाणी पृष्ठभागालाच भिडते. आर्थर नॉइज आणि विलिस व्हिटनी या अमेरिकी रसायनज्ञांनी १८९७ मध्येच विरघळण्याच्या वेगाचा नियम मांडला होता. डिगॉक्सिन पाण्यात अत्यल्प विरघळते. त्यामुळे जाडसर कण विरघळून शोषला जाण्याआधीच आतड्यातून पुढे निघून जातो.

इशारे मिळाले नव्हते असे नाही. गजकर्णावरील ग्रिसिओफल्विन बारीक दळले तर अर्ध्या मात्रेत तेवढेच औषध रक्तात मिळते, हे १९६२ मध्येच प्रसिद्ध झाले होते. पण तिथे लाभ दिसला, म्हणून सर्वांनी तो आनंदाने स्वीकारला. त्याच नियमाची उलटी बाजू कोणी फारशी तपासली नाही. १९७१ मध्ये अमेरिकेत जॉन लिंडेनबॉम आणि सहकाऱ्यांनी निरोगी स्वयंसेवकांना डिगॉक्सिनच्या वेगवेगळ्या गोळ्या दिल्या. रक्तातील उच्चतम पातळीत सातपटीपर्यंत तफावत आढळली, आणि एकाच उत्पादकाच्या दोन खेपाही सारख्या निघाल्या नाहीत.

त्यानंतर मात्र औषधांच्या प्रमाणग्रंथांना नमते घ्यावे लागले. त्याच दशकात डिगॉक्सिनच्या गोळ्यांना नवी कसोटी लागू झाली: गोळी ढवळत्या द्रवात ठेवायची आणि ठरावीक वेळात तिच्यातले किती औषध प्रत्यक्ष विरघळले ते मोजायचे.