चार रुपये पगाराचा गोलंदाज : बाळू पालवणकर

हिंदुस्थानातला पहिला मोठा क्रिकेटपटू कोण, असे विचारले की रणजितसिंहजींचे नाव घेतले जाते. रणजी संस्थानी घराण्याशी नाते असलेले, केंब्रिजला शिकलेले आणि इंग्लंडच्या संघातून खेळलेले. त्याच काळात पुण्याच्या कॅम्पात एक पोरगा इंग्रज साहेबांच्या मैदानावर रोलर फिरवत होता, जाळी बांधत होता आणि साहेब फलंदाजीला उभे राहिले की त्यांना चेंडू टाकत होता. त्याला महिन्याला चार रुपये मिळत. त्याचे नाव बाळू पालवणकर.

पालवणकरांचे मूळ गाव कोकणातले. जात चांभार. वडील फौजेत नोकरीला होते, त्यामुळे कुटुंब छावणीच्या गावी राहिले. बाळूंचा जन्म 1875-76 च्या सुमारास धारवाडचा, बालपण मात्र पुण्यातले. साहेबांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडूंवर बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम क्रिकेट शिकले. शाळा लवकर सुटली. पहिली नोकरी पारशी लोकांच्या क्रिकेट क्लबात मिळाली, पगार तीन रुपये. 1892 च्या सुमारास इंग्रजांच्या पूना क्लबात गेले, तिथे एक रुपया वाढला.

या क्लबात जे. जी. ग्रेग नावाचा लष्करी अधिकारी होता. त्या काळच्या हिंदुस्थानातल्या उत्तम फलंदाजांत त्याची गणना होई. तो इतरांच्या आधी मैदानावर येई आणि बाळूंना तासन्‌तास गोलंदाजी करायला लावी. आपल्याला बाद केले की तो दर वेळी आठ आणे देई, असे सांगतात. बाळू डावखुरे फिरकी गोलंदाज होते आणि त्यांचा हात या सरावावर तयार झाला. मात्र इतक्या वर्षांत त्या क्लबाने त्यांच्या हाती बॅट कधी दिली नाही. फलंदाजी हा साहेबांचा मान होता, गोलंदाजी हे गड्याचे काम. हे लक्षात ठेवायला हवे, कारण ‘धंदेवाईक खेळाडू’ या शब्दाला तेव्हा आजच्यासारखे वलय नव्हते. खुद्द इंग्लंडमध्ये पैसे घेऊन खेळणारा खालचा मानला जाई, त्याची मैदानात उतरण्याची वाटही अनेकदा वेगळी असे, आणि कर्णधार व्हायचे ते ‘जंटलमन’नेच. त्या देशाला विसाव्या शतकातला पहिला धंदेवाईक कसोटी कर्णधार, लेन हटन, 1952 मध्ये मिळाला. तिथली भिंत वर्गाची होती. आपल्याकडे ती वर्गाचीही होती आणि जातीचीही.

पुण्याच्या हिंदू क्लबाला युरोपियनांना हरवायचे होते. हरवू शकेल असा गोलंदाज एकच होता, आणि तो अस्पृश्य होता. क्लबातल्या तेलुगू सभासदांची हरकत नव्हती, काही ब्राह्मण सभासदांची होती. बाळूंना न घेणे हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल, अशा अर्थाचे मत ग्रेगने उघडपणे मांडले. शेवटी बाळूंना घेतले. पण मैदानावर खेळायला घेतले, एवढेच. चहाच्या वेळी बाकीचे खेळाडू तंबूत चिनी मातीच्या कपातून चहा पीत, बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात मिळे. जेवण वेगळ्या ताटात. तोंड धुवायला पाणी लागले तर तेही अस्पृश्य नोकरानेच आणून द्यायचे. चेंडू चामड्याचा असतो, तो हातात घेताना कुणाला विटाळ झाल्याचे ऐकिवात नाही.

साताऱ्यात गोऱ्यांच्या जिमखान्याने बाळूंच्या फिरकीला दाद मिळू नये म्हणून आधीपासून खेळपट्टी रोलरने घोटून ठेवली होती. बाळूंनी तरीही सात बळी घेतले आणि पुण्याचा हिंदू संघ जिंकला. त्यानंतर न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यातल्या मंडळींना सुनावले की बाळूबरोबर खेळता, तर त्याच्या पंगतीला बसायलाही हरकत नसावी. रानड्यांसारखा माणूस हे जाहीरपणे म्हणाला म्हणून काही दारे उघडली. पुण्यात पहिल्यांदा बदल झाला तो कुणाच्या हृदयपरिवर्तनाने नव्हे, बाळूंच्या सात बळींनी. रानडे त्यानंतर बोलले.

प्लेगच्या दिवसांत पालवणकर मुंबईला गेले. बाळूंना पुढे बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत नोकरी मिळाली. हिंदू जिमखान्यातही आधी कुरकुर झाली, मग प्रवेश मिळाला. फेब्रुवारी 1906 मध्ये मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन सामना झाला. हिंदूंच्या धावा 242 आणि 160, युरोपियनांच्या 191 आणि 102. हिंदू 109 धावांनी जिंकले. बाळूंनी दोन्ही डावांत मिळून आठ बळी घेतले. संघात शिवरामही होते. वंगभंगाच्या चळवळीचे ते दिवस होते, त्यामुळे राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवल्याचा आनंद क्रिकेटपुरता उरला नाही. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’सारख्या पत्राने त्यात जातीच्या प्रश्नाचीही उकल शोधली.

1911 मध्ये पहिला ‘अखिल भारतीय’ संघ इंग्लंडला गेला. कर्णधार पतियाळाचे महाराजा भूपिंदरसिंग, बाकी जागा पारशी, हिंदू आणि मुस्लिम अशा हिशेबाने भरलेल्या. अलीगडच्या महाविद्यालयात घडलेले सलामुद्दीन या संघात होते, शफकत हुसेनही होते. महाराजांचा बराचसा वेळ लंडनच्या मेजवान्यांत आणि राज्याभिषेकाच्या धामधुमीत गेला. संघ एकूण 23 सामने खेळला, त्यांतले 15 हरला. सगळा भार बाळूंच्या दुखऱ्या खांद्यावर होता. वय पस्तिशीचे. तरी त्यांनी त्या दौऱ्यात 114 बळी घेतले, प्रत्येकी 19 पेक्षाही कमी धावा देऊन. सॉमरसेटविरुद्धचा सामना शिवरामच्या फलंदाजीवर एका गड्याने जिंकला. परतल्यावर मुंबईच्या अस्पृश्य समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्यांना दिलेल्या मानपत्राशी तरुण भीमराव आंबेडकरांचे नाव जोडले जाते.

1912 मध्ये मुस्लिम संघ आला आणि तिरंगी स्पर्धेची चौरंगी झाली. युरोपियन, पारशी, हिंदू, मुसलमान. आज ही यादी वाचताना आपण लगेच फाळणीकडे धावतो आणि या स्पर्धेला जमातवादाची कार्यशाळा म्हणून मोकळे होतो. त्यात तथ्य नाही असे नाही. 1940 मध्ये गांधीजींनीही धर्मावर संघ पाडू नयेत असे सांगितले, आणि 1946 नंतर ती बंद पडली. पण बाळूंच्या बाजूने पाहिले तर गोष्ट इतकी सरळ राहत नाही. हिंदूंना पारशी आणि युरोपियनांना हरवायचे नसते, तर बाळू आयुष्यभर रोलरच फिरवत राहिले असते. समोर ‘ते’ होते म्हणून ‘आम्हा’त बाळूंना जागा झाली. समोरचे बाहेर गेले, तंबूत परतले, की चहाचे भांडे पुन्हा मातीचे.

कर्णधारपदाचा प्रश्न इथूनच येतो. संघात बाळूंइतका अनुभवी कुणी नव्हता. 1913 मध्ये मुकुंद पै कर्णधार झाले. हा मान माझ्या मित्राचा, बाळूचा होता, असे त्यांनी स्वतःच सांगितले. पै सारस्वत होते, माणूस दिलदार होता. पण निवड समितीने त्यांचे ऐकले नाही. 1920 मध्ये बाळूंना संघातूनच वगळले आणि पै आजारी पडल्यावर कर्णधारपद पुण्याच्या दि. ब. देवधरांकडे गेले. देवधर मोठे खेळाडू झाले, यात वाद नाही. पण त्या वेळी विठ्ठल आणि शिवराम हे पालवणकर त्यांच्याहून ज्येष्ठ होते. दोघांनी संघातून अंग काढून घेतले आणि कारण जाहीरपणे सांगितले : जात. अंतिम सामन्यापूर्वी तडजोड झाली, पै परत आले, बाळूंना उपकर्णधार केले. तेव्हा त्यांची पंचेचाळिशी आली होती. 1923 मध्ये धाकटा भाऊ विठ्ठल कर्णधार झाला आणि हिंदू संघाने स्पर्धा जिंकली. विठ्ठल यांनी 1948 मध्ये ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिले, म्हणून यातले बरेच काही आज आपल्याला कळते.

आता थोडे आपल्याकडेही पाहू. हिंदू जिमखान्याप्रमाणे समुद्रकाठी इस्लाम जिमखानाही उभा राहिला, त्यामागे मुंबईतले धनिक आणि शिकलेले मुसलमान होते. अलीगडचे महाविद्यालय मुख्यतः शरीफ घराण्यांतल्या मुलांसाठी काढलेले. 1924 मध्ये मुस्लिम संघाने चौरंगी पहिल्यांदा जिंकली तेव्हा झालेला आनंद खरा होता. पण तो आनंद साजरा करणाऱ्या मोहल्ल्यांतल्या विणकराचा, खाटकाचा, पिंजाऱ्याचा मुलगा त्या जिमखान्याच्या नेटपर्यंत पोचण्याची वाट कोणती होती? क्रिकेटबद्दल नव्हे, पण शिक्षण आणि नोकरीबद्दल हाच प्रश्न महाराष्ट्रात मुस्लिम ओबीसी चळवळीने विचारला, तेव्हा आपल्यातल्याच प्रतिष्ठितांनी उत्तर दिले की इस्लाममध्ये जात नाही, आणि सध्या कौम संकटात आहे, हे विषय नंतर. हिंदू जिमखान्याच्या समितीतल्या मंडळींना हे उत्तर अगदी ओळखीचे वाटले असते.

आमच्या वाघोलीहून नगर रस्त्याने कॅम्पात जाताना आधी येरवडा लागते, मग नदी ओलांडली की बंडगार्डन रस्त्याला पूना क्लबचे मैदान. बाळूंच्या आयुष्याचा आरंभ आणि उत्तरार्ध या दोन ठिकाणांत येतो. मैदानावर ते चार रुपयांवर राबले. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींचे उपोषण चालू असताना 24 सप्टेंबर 1932 रोजी पुणे करार झाला, त्यावर त्यांचीही सही आहे. ज्यांचा सत्कार एकेकाळी आंबेडकरांनी गौरवाने पाहिला, ते बाळू आता स्वतंत्र मतदारसंघांच्या विरोधात उभे होते. 1933 मध्ये ते मुंबई महापालिकेची निवडणूक हिंदू महासभेच्या तिकिटावर लढले आणि हरले. 1937 मध्ये काँग्रेसने त्यांना मुंबईत थेट आंबेडकरांसमोर उभे केले. आंबेडकरांना 13,245 मते मिळाली, बाळूंना 11,225.

हे वाचून आपल्यातले अनेक जण बाळूंवर नाराज होतील. मला ती नाराजी घाईची वाटते. तीस वर्षे ज्या संघाच्या नावावर त्यांनी घाम गाळला, त्या ‘हिंदू’ नावात आपल्याला पुरी जागा मिळावी, हीच त्यांची मागणी होती, आणि खेळात ती थोडी थोडी पुरी होताना त्यांनी पाहिली होती. मातीच्या भांड्यापासून विठ्ठलच्या कर्णधारपदापर्यंतचा प्रवास त्यांच्या डोळ्यांसमोर झाला होता. आंबेडकरांनी त्याच प्रवासाचा वेग मोजला आणि तो पुरेसा नाही असे ठरवले. माझा कौल आंबेडकरांकडे आहे. पण बाळूंनी महासभेचे तिकीट घेतले म्हणून त्यांना आजच्या हिंदुत्वाच्या खात्यात टाकणे म्हणजे, ज्यांनी त्यांना तंबूबाहेर बसवले त्यांनाच त्यांचा वारसा देऊन टाकणे होय.

प्रथम श्रेणीचे 33 सामने, 179 बळी, सरासरी 15.21. कर्णधार म्हणून नेमणूक एकदाही नाही. 4 जुलै 1955 रोजी मुंबईत बाळू पालवणकर वारले.