कोणाचा कित्ता गिरवायचा? चिनी सुलेखनाच्या शिक्षणाची गोष्ट

आजचा विषय आहे चिनी सुलेखन, म्हणजे कुंचल्याने अक्षर लिहिण्याची कला. ही अक्षरं किती सुंदर असतात हे सांगण्यासाठी मी उभा नाही. ती शिकतात कशी, आणि त्या शिकण्यावरून माणसं आयुष्यभर अस्वस्थ का झाली, ते आज बघायचं आहे.

आपल्याकडे ‘कित्ता’ हा शब्द आहे. गुरुजी वर एक ओळ काढून देत आणि मुलं ती गिरवत. पण एखाद्याचा कित्ता गिरवणे म्हणजे त्याच्यासारखं वागणे, असाही अर्थ मराठीत आहे. अक्षर आणि आचरण आपण एका शब्दात बांधलं. चिनी परंपरेने ही गाठ अगदी गंभीरपणे घेतली.

आधी साधनं. ती चार: कुंचला, शाईची वडी, ती उगाळायचा दगड आणि कागद. काजळी आणि सरस यांची वडी आपण सहाणेवर चंदन उगाळतो तशी पाण्यात उगाळायची. कागद शाई लगेच पितो. हात क्षणभर थबकला तर तिथे डाग फुगतो, आणि एकदा ओढलेल्या रेघेवर पुन्हा हात फिरवायचा नाही. म्हणजे हात कुठे अडला आणि कुठे धावला, हे सगळं कागदावर कायमचं राहतं.

म्हणून शिकायचं ते नक्कल करून. पहिली पायरी, लाल छापील अक्षरांवर काळ्या शाईने गिरवणं. दुसरी, मूळ नमुन्यावर पातळ कागद ठेवून गिरवणं. तिसरी, नमुना शेजारी ठेवून, बघून लिहिणं. मग नमुना मिटून आठवणीने. यात वर्षं जातात. सरावासाठी ‘योंग’ हे अक्षर प्रसिद्ध आहे. त्याचा अर्थ ‘चिरकाल’, आणि रेघांचे आठ मूलभूत प्रकार त्या एकाच अक्षरात येतात.

हेच ‘योंग’ चीनमधल्या सर्वांत नावाजलेल्या लेखनाचं पहिलं अक्षर आहे. इसवी सन 353. आजच्या शाओशिंगजवळ लानथिंग इथे वांग शीझीने मित्रांना जमवलं. कविता झाल्या, मद्य झालं, आणि त्या कवितांच्या संग्रहाला वांगने प्रस्तावना लिहिली. अक्षरं 324. त्यात ‘झ’ हे एकच अक्षर सुमारे वीस वेळा येतं आणि दर वेळी निराळं दिसतं.

आता गंमत बघा. हे मूळ लेखन आज नाही. सातव्या शतकात थांग सम्राट थाइझोंगने ते मिळवलं, दरबारी नकलाकारांकडून प्रती करून घेतल्या, आणि 649 मध्ये तो वारला तेव्हा मूळ कागद त्याच्याबरोबर पुरला, असं परंपरा सांगते. बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहे ती नक्कलच. थाइझोंगला वांग आवडला, म्हणून पुढे सगळ्या देशाने वांगचा कित्ता घेतला. अक्षरावर पोटही चालत होतं. थांग काळात अधिकारी नेमताना रूप, बोलणं आणि न्यायबुद्धी यांच्याबरोबर हस्ताक्षरही पाहत.

दुसरा कित्ता रक्तातून आला. 755 मध्ये सेनापती आन लुशानने बंड केलं. यान झेनछिंग हा अधिकारी राजाच्या बाजूने लढला. त्याचा चुलतभाऊ आणि पुतण्या जीमिंग बंडखोरांच्या हाती मारले गेले. 758 मध्ये यानने पुतण्यासाठी शोकलेखाचा कच्चा खर्डा लिहिला. जीमिंगचं फक्त मस्तक परत मिळालं होतं. खर्ड्यात खाडाखोड आहे, शाई संपत आली तरी ओढलेल्या कोरड्या रेघा आहेत. शेवटी शेवटी अक्षरं धावतात. हा कागद आज तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आहे. यान पुढे म्हातारपणी दुसऱ्या एका बंडखोराकडे राजाचा दूत म्हणून गेला, वाकला नाही, आणि मारला गेला.

अकराव्या शतकात सोंग काळातल्या ओयांग श्यू, सू शी अशा विद्वानांनी यानला उचलून धरलं. त्याच्या जाड, ठाम रेघांत त्यांना निष्ठा दिसली.

मग खरा पेच आला. 1279 मध्ये मंगोलांनी सोंग राज्य संपवलं. झाओ मेंगफू हा सोंग राजघराण्यातलाच माणूस, पण त्याने कुब्लाई खानाच्या दरबारात नोकरी पत्करली. त्याचं अक्षर विलक्षण देखणं होतं. पुढची कित्येक शतकं मुलांनी तेही गिरवलं.

त्यातलाच एक फू शान, जन्म 1607. तरुणपणी त्याने जुन्या आचार्यांची अक्षरं गिरवली, पण जमेना. मग झाओचा नमुना हाती आला आणि थोड्याच प्रयत्नांत त्याची नक्कल मूळाशी गल्लत व्हावी इतकी साधली. 1644 मध्ये मांचूंनी बीजिंग घेतलं. फू शानने नव्या राजवटीची चाकरी नाकारून ताओ संन्याशाचा वेश घेतला. 1679 मध्ये त्याला खास परीक्षेसाठी बीजिंगला नेलं, तरी तो परीक्षेला बसला नाही.

अशा माणसाला आपल्या हातातला झाओ टोचू लागला. त्याने मुला-नातवंडांसाठी लिहून ठेवलं, त्याचा आशय असा: सज्जनाची सोबत कठीण जाते, वाईट सोबत चटकन अंगवळणी पडते, माझ्या अक्षराचं तेच झालं. तो यानकडे वळला. पण मनगटात आता भेसळ झाली आहे, पूर्वजांसारखी ताठ रेघ येत नाही, हेही त्याने कबूल केलं.

हे झाओवर अन्यायाचं नाही का? मला वाटतं, आहे. नाव झाकलं तर रेघेत फितुरी कोणालाही दिसणार नाही. फू शानची दुसरी गोष्ट मात्र खरी आहे. मन बदलतं, पण दहा हजार वेळा गिरवलेलं हात विसरत नाही. शिकणाऱ्याला नक्कल टाळता येत नाही. कोणाची करायची, एवढंच त्याच्या हातात असतं, आणि तेही बहुधा फार लहानपणी, दुसऱ्या कोणीतरी ठरवलेलं.

आज नव्या विद्यार्थ्याला ठळक लिपीचे चार आचार्य सांगतात: ओयांग शुन, यान झेनछिंग, ल्यू गोंगछ्वान आणि झाओ मेंगफू. यान आणि झाओ एकाच यादीत, एकाच दुकानात, शेजारी शेजारी. फू शानला हे पटलं असतं का, याचा विचार आपण प्रश्नोत्तरांत करू.