म्हणे कोण?

दौंडकडून भीमा ओलांडा किंवा शिरूरकडून घोडनदी, पलीकडे श्रीगोंद्याची वाट लागते. सतराव्या शतकात तिथे शेख महंमद नावाचे संतकवी होऊन गेले. ‘योगसंग्राम’ त्यांचाच. अभंगाच्या शेवटी ते आपले नाव घालत. तुकोबांचे ‘तुका म्हणे’ तर घराघरांत ठाऊक आहे. गझलेच्या मक्त्यात शायर तखल्लुस घालतो, त्यातलाच हा प्रकार. त्या काळी अवतरणचिन्ह नव्हते. मोडीत तर शब्दही सलग लिहीत. बोलणे कुठे संपले हे ‘असे म्हणाला’ यावरून ओळखायचे. अशा वेळी कोण बोलले हे नाममुद्रा सांगे. अर्थात कोणीही मागाहून ‘तुका म्हणे’ जोडू शकत होता, आणि तसे जोडलेही गेले!

अवतरणचिन्हे आली ती इंग्रजी अमदानीत. मोल्सवर्थच्या कोशाला हातभार लावणाऱ्या मेजर टॉमस कँडी यांनी १८५० साली ‘विरामचिन्हांची परिभाषा’ लिहिली. दुसऱ्याचे बोल कुठून कुठवर, हे त्या चिन्हांमुळे डोळ्यांना दिसू लागले. पण बोल कोणाचे, हे चिन्ह सांगत नाही.

संगणकाच्या पानांसाठी जी एचटीएमएल नावाची खुणांची भाषा आहे, तिने दोन्हींची सोय केली. मोठ्या उताऱ्याला ‘ब्लॉककोट’, तर ओळीतल्या छोट्या अवतरणाला ‘क्यू’. ही ‘क्यू’ १९९७ च्या चौथ्या आवृत्तीत आली. तिच्याभोवती चिन्हे ब्राउझरने स्वतः घालायची होती, पण इंटरनेट एक्सप्लोररला ते २००९ च्या आठव्या आवृत्तीपर्यंत जमले नाही. या खुणांना ‘साइट’ नावाचा रकाना जोडता येतो. उतारा जिथून घेतला, तिथला पत्ता त्यात लिहायचा. गंमत अशी की, हा पत्ता वाचकाला दिसतच नाही. जावास्क्रिप्टमधल्या चार ओळींनी पानावरचे सगळे उतारे शोधायचे, प्रत्येकाचा पत्ता वाचायचा आणि उताऱ्याखाली दुवा म्हणून मांडायचा. काम सोपे आहे, पण मुळात पत्ता लिहिलेला हवा.

मध्यंतरी माझाच एक शेर दुसऱ्याच्या नावाने माझ्याच फोनवर आला. गुलाबाच्या चित्रावर छापलेला. चित्रातल्या अक्षरांना ना ब्लॉककोट, ना साइट. स्क्रिप्ट वाचणार तरी काय? तेव्हापासून मक्त्यात नाव घालायचा मी कंटाळा करत नाही.